लॅपटॉप मुका का होतो?



समजा, एका जुन्या लॅपटॉपवरील विंडोज काढून तुम्ही त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसविली. पडदा उजळला, कळफलक चालू लागला, वायफायही जोडले गेले. मग तुम्ही गाण्याची एक चित्रफीत लावली. गायिकेचे ओठ हलत आहेत, तबलजीची बोटे चालली आहेत. पण आवाज मुळीच नाही! हेडफोन जोडून पाहिला, तर त्यात मात्र गाणे स्वच्छ ऐकू येते. कालपर्यंत बोलणारा स्पीकर एका रात्रीत बिघडला कसा?

बहुधा तो बिघडलेला नसतो. तो कोठे जोडला आहे, किंवा त्याला जागे कसे करावे, हे नव्या कार्यप्रणालीला ठाऊक नसते, एवढेच. या विधानाचा अर्थ नीट कळण्यासाठी आपल्याला लॅपटॉपच्या पोटात शिरावे लागेल.

हा प्रश्न केवळ गाणी ऐकण्याचा आहे, असे मात्र समजू नका. लिनक्स विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते. म्हणून देणगीदाखल मिळालेल्या जुन्या लॅपटॉपांवर ते बसविणे शाळांना सोयीचे असते. अशा शाळेत एखादा अंध विद्यार्थी असेल, तर त्याच्या दृष्टीने स्पीकर हाच पडदा होय. लिनक्सवर 'ऑर्का' नावाची आज्ञावली पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते. तिला आवाज पुरविणारी 'ईस्पीक एनजी' ही आज्ञावली मराठीही बोलते; उच्चार यंत्राचा वाटतो खरा, पण समजतो. स्पीकर मुका राहिला, तर त्या विद्यार्थ्यापुढे सारा संगणकच बंद पडल्यासारखा आहे.

आता ध्वनीची वाट पाहू. संगणकात ध्वनी साठविला जातो तो अंकांच्या रूपाने. ध्वनिलहरीची उंची ठराविक काळाने मोजायची आणि तो अंक लिहून ठेवायचा. लॅपटॉपमध्ये बहुधा सेकंदाला ४८,००० वेळा अशी मोजणी होते. इतक्या वेळा कशासाठी? माणसाच्या कानाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेचा ध्वनी ऐकू येतो, आणि एखादी लहर अंकांत पकडायची तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते. प्रत्येक मोजणी १६ द्विमान अंकांत लिहिली, तर उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. डावा व उजवा असे दोन मार्ग धरले, तर सेकंदाला ४८,००० × १६ × २, म्हणजे १५,३६,००० द्विमान अंकांचा ओघ सुरू होतो.

हा ओघ एका चिपमध्ये जातो. तिला 'कोडेक' म्हणतात. तिच्यातील 'डॅक' हे मंडल प्रत्येक अंकाचे त्या प्रमाणात विभवांतर करते. प्रवर्धक त्याची शक्ती वाढवितो. शेवटी स्पीकरच्या चुंबकीय क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, वेटोळ्यावर बल लागते, त्याला चिकटलेला पडदा मागेपुढे हलतो आणि हवा हलवितो. शेवटचा हा भाग तुम्ही चुंबकत्वाच्या धड्यात शिकलाच आहात.

नव्या घरातला बटनांचा फलक

इंटेल कंपनीने २००४ साली 'हाय डेफिनिशन ऑडिओ' नावाची मानक पद्धत आणली आणि पुढे बहुसंख्य लॅपटॉपांत ती वापरली गेली. या पद्धतीतील कोडेकला अनेक टोके असतात. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्याला हेडफोनची खाच, तिसऱ्याला मायक्रोफोन. काही टोके तर मोकळीच. कोणते टोक कशाला जोडायचे हे लॅपटॉप बनविणारी कंपनी ठरविते. एकीने स्पीकर २० क्रमांकाच्या टोकाला जोडला, तर दुसरी २३ क्रमांकाच्या टोकाला जोडील. चिप मात्र दोन्हीकडे तीच!

नव्या घरात राहायला गेल्यावर भिंतीवरील फलकावर दहा बटने दिसतात. पंख्याचे कोणते, दिव्याचे कोणते? वायरमनने प्रत्येक बटनाजवळ चिठ्ठी लावली असेल तर ठीक. कोडेकच्या प्रत्येक टोकालाही अशी एक चिठ्ठी असते. ती ३२ द्विमान अंकांची असून यंत्र सुरू होताना 'बायोस' ही मूळ आज्ञावली ती भरते. सोयीसाठी आपण ती षोडशमान पद्धतीने, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांनी, आठ स्थानांत लिहितो. ९०१७०११० ही अशीच एक चिठ्ठी. तिचे पहिले स्थान ९, म्हणजे द्विमान पद्धतीत १००१. यातील पहिले दोन अंक १० सांगतात की, या टोकाला काहीतरी कायमचे जोडलेले आहे. पुढचे ०१ सांगतात की, ते यंत्राच्या आत आहे. तिसऱ्या स्थानावरील १ म्हणजे स्पीकर. तेथे २ असता, तर हेडफोन समजायचा.

आता ४१११११एफ० ही चिठ्ठी पाहा. पहिले स्थान ४, म्हणजे ०१००. सुरुवातीच्या ०१ चा अर्थ, 'येथे काहीही जोडलेले नाही.' स्पीकर प्रत्यक्षात जोडलेला असूनही बायोसने त्या टोकाला ही चिठ्ठी लावली, तर लिनक्स तिच्यावर विश्वास ठेवते आणि त्या वाटेला जातच नाही. मग विंडोजमध्ये आवाज कसा येत होता? लॅपटॉपच्या कंपनीने विंडोजसाठी जो ड्रायव्हर दिलेला असतो, त्याच्यात खऱ्या जोडणीची माहिती वेगळी घातलेली असते. चिठ्ठी चुकली तरी त्याचे अडत नाही, आणि म्हणूनच ती चूक कारखान्यात कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते मुक्या लॅपटॉपांच्या गोष्टीतील ही सर्वांत बोधक बाब आहे.

चिठ्ठी बरोबर असली, तरी आणखी एक अडचण संभवते. बॅटरी वाचविण्यासाठी स्पीकरचा प्रवर्धक झोपविलेला असतो. त्याला जागे करण्यासाठी कोडेकमधील एक विशिष्ट द्विमान अंक बदलावा लागतो. काही नव्या लॅपटॉपांत तर प्रवर्धक ही स्वतंत्र चिप असते आणि तिला आज्ञा देण्याची तारही वेगळी असते. ध्वनीचे अंक वेळेवर पोहोचतात, पण प्रवर्धक झोपलेला, अशी स्थिती होते.

शोध घ्यावा कसा?

पुष्कळ विद्यार्थी आवाज आला नाही की सारे पुसून लिनक्स पुन्हा बसवितात. तसे करू नका. आपल्याजवळ आधीच एक प्रयोग होऊन गेलेला आहे: हेडफोनमध्ये आवाज येतो. त्यावरून काय सिद्ध होते? फाइल ठीक, आज्ञावली ठीक, अंकांचा ओघ ठीक, कोडेक जिवंत. म्हणजे दोष आहे तो हेडफोनची वाट आणि स्पीकरची वाट जेथे वेगळ्या होतात त्याच्या पुढे. एका निरीक्षणाने निम्म्याहून अधिक मार्ग संशयातून मुक्त झाला!

आता 'अल्सामिक्सर' ही आज्ञावली उघडा. ('अल्सा' हा लिनक्समधील ध्वनिविभाग. यारोस्लाव किसेला या चेक आज्ञावलीकाराने एका ध्वनिकार्डासाठी १९९८ मध्ये हे काम सुरू केले, आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या गाभ्यात मानाने बसले.) पडद्यावर उभ्या पट्ट्या दिसतील. 'स्पीकर' या पट्टीखाली 'एमएम' अशी अक्षरे असतील, तर तो मार्ग बंद केलेला आहे. 'एम' ही कळ दाबली की उघडतो. 'ऑटो-म्यूट' नावाची सोयही तेथेच सापडेल. हेडफोन घातला की स्पीकर आपोआप बंद करणे हे तिचे काम. खाचेत धूळ बसून आतली कळ अडकली, तर यंत्राला हेडफोन सदैव लागलेलाच वाटतो आणि स्पीकर कायमचा गप्प राहतो. ती सोय तात्पुरती बंद करून पाहा. हेडफोनमध्येही आवाज नसेल, तर आणखी एक साधी गोष्ट तपासा: ध्वनी टीव्ही जोडण्याच्या एचडीएमआय खाचेकडे तर पाठविला जात नाही ना? टीव्ही जोडलेला नाही आणि गाणे मात्र तिकडे चालले आहे, हे फार वेळा घडते.

यातून काही निघाले नाही, तर चिठ्ठ्यांकडे वळावे. लिनक्समध्ये कोडेकची सर्व टोके, त्यांच्या चिठ्ठ्या आणि आतील मार्ग कोणालाही वाचता येतात. 'एचडीए जॅक रीटास्क' या साधनाने एखाद्या टोकाची चिठ्ठी बदलूनही पाहता येते. आवाज अगदी कमी ठेवून एका वेळी एकच टोक बदलायचे, आणि काय केले ते वहीत लिहायचे. प्रयोगवहीची शिस्त येथे खरोखर उपयोगी पडते. योग्य टोक सापडले की ही माहिती अल्साच्या विकासकांना कळविता येते. प्रत्येक मॉडेलला ओळख-क्रमांक असतो. 'हा क्रमांक दिसला तर चिठ्ठी अशी समजा', अशी एक ओळ ते ड्रायव्हरमध्ये घालतात. रिअलटेक कंपनीच्या कोडेकसाठी असलेल्या ड्रायव्हरमध्ये अशा ओळी शेकड्यांनी आहेत. त्यातील अनेकींच्या मागे मुका लॅपटॉप घेऊन चिकाटीने बसलेला कोणी तरी आहे.

येथे एक इशारा द्यायला हवा. चिठ्ठी बदलण्यात फारसा धोका नाही, पण प्रवर्धकाच्या शक्तीशी खेळण्यात आहे. लहान स्पीकरला दिलेल्या विद्युत् शक्तीपैकी ध्वनीत रूपांतर होते ते जेमतेम एक टक्का. बाकीची उष्णता होऊन वेटोळे तापविते. ॲपलच्या २०२० नंतरच्या मॅकबुकांत हा प्रश्न तीव्र झाला. त्यांचे स्पीकर छोटे पण दणदणीत. ते जळू नयेत याची काळजी ॲपलची स्वतःची आज्ञावली घेते, आणि ती खुली नाही. या यंत्रांवर लिनक्स आणणाऱ्या 'असाही' प्रकल्पातील मंडळींना ती काळजी नव्याने घ्यावी लागली. त्यांनी वेटोळ्याचे विभवांतर व प्रवाह सतत मोजून, त्यात किती उष्णता पडली आणि किती निघून गेली याचा हिशेब ठेवणारी आज्ञावली लिहिली. तापमान वाढू लागले की ती आवाज उतरविते. ही पहारेकरी आज्ञावली चालू नसेल, तर मोठा आवाज करूच दिला जात नाही.

विभवांतर आणि प्रवाह मोजून तापमान कळते, याचे नवल वाटते का? ओहमचा नियम आठवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंश सेल्सिअसला ४ ओहम असलेले वेटोळे ५.२ ओहम दाखवू लागले, तर रोध ३० टक्के वाढला. म्हणजे तापमान सुमारे ७७ अंशांनी वाढून १०२ अंशांवर गेले. तापमापी न लावता तापमान मोजले गेले!

राहिला मायक्रोफोन. इंटेलच्या अनेक नव्या लॅपटॉपांत तो कोडेकला जोडलेला नसून प्रोसेसरमधील ध्वनि-संस्कारकाला जोडलेला असतो, आणि त्या संस्कारकाला सुरुवातीला आज्ञावली भरवावी लागते. २०१८ मध्ये जाहीर झालेली 'साउंड ओपन फर्मवेअर' ही त्यासाठीच आहे. ती नसेल, तर ध्वनीच्या यादीत 'डमी आउटपुट' एवढेच दिसते आणि मायक्रोफोनबरोबर स्पीकरही गप्प होतो. ती बसवून यंत्र पुन्हा सुरू करा.

मायक्रोफोन चालू झाला की एक प्रयोग करून पाहा. 'ऑडॅसिटी' या विनामूल्य आज्ञावलीत, मोजणी सेकंदाला ४८,००० ठेवून, एका सुरात 'आ' म्हणा आणि ध्वनिमुद्रण करा. चित्र इतके मोठे करा की एकेक मोजणी सुट्या ठिपक्यासारखी दिसेल. लहरीच्या एका शिखरापासून तशाच पुढच्या शिखरापर्यंत ठिपके मोजा. ते २४० भरले, तर ४८,००० भागिले २४०, म्हणजे तुमचा सूर २०० हर्ट्झचा. आता वर्गातील दोघा-तिघांचे सूर मोजा, आणि शक्य असेल तर शिक्षकांचाही.