कार्व्हरची गाडी आणि घराचा उंबरठा

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ मराठी घरांतलाच एक होऊन गेला. शाळकरी वयात ते पुस्तक वाचले तेव्हा माझ्या मनात राहिला तो एकटा माणूस. गुलामीत जन्मलेला, आईवाचून वाढलेला, कॅन्ससमधल्या एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश देऊन रंग पाहताच दारातून परत पाठवलेला, आणि तरीही शास्त्रज्ञ झालेला. पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या विज्ञानशिक्षणाविषयी वाचू लागले, तेव्हा माझे लक्ष त्या एकट्या माणसावरून त्याच्या एका गाडीकडे वळले.

ही गाडी १९०६ सालची. कार्व्हर शिकवत असलेल्या अलाबामातील टस्कीगी संस्थेकडे शेतकरी येऊ शकत नव्हते. हाताशी पैसा नव्हता, शेत सोडण्याची सोय नव्हती. तेव्हा मॉरिस जेसप यांच्या देणगीतून घोड्यांची एक गाडी तयार केली. तिच्यात अवजारे, बियाणे, दुग्धव्यवसायाची साधने भरली आणि ती गावोगाव नेली. जमिनीचा कस, पिकांची फेरपालट, अन्न टिकवण्याच्या रीती या गोष्टी शेताच्या बांधावर आणि घराच्या अंगणात दाखवल्या जात. विज्ञान घरी आले, सगळ्या कुटुंबाशी बोलले. कृष्णवर्णीय मुलांनी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या व्यवसायांकडे कसे वळावे, या आजच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या गाडीत दिसते.

प्रश्न खरा आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२१ च्या अहवालानुसार अमेरिकेतील एकूण नोकरदारांत कृष्णवर्णीय ११ टक्के होते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताशी संबंधित कामांत हे प्रमाण ९ टक्के, आणि अभियांत्रिकी-वास्तुरचनेत अवघे ५ टक्के होते. हे आकडे पाहून ‘मुलांना गोडी लावली पाहिजे’ असे सहज म्हटले जाते. पण गोडी लागण्याआधी विश्वास लागतो, आणि तो कसा तुटला हे पाहायला पुन्हा टस्कीगीलाच जावे लागते.

१९३२ पासून १९७२ पर्यंत अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने त्याच परिसरात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक ‘अभ्यास’ चालवला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना त्यांचा खरा आजार सांगितला नाही. पेनिसिलीन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही ते दिले नाही. रोग शेवटपर्यंत काय करतो, हे शास्त्रज्ञांना पाहायचे होते. म्हणजे ज्या गावातून कार्व्हरची गाडी निघाली, त्याच गावाच्या नावाने विज्ञानाविषयीचा संशय पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. अशा घरातली आजी नातवाला ‘प्रयोगशाळेत जा’ असे सहज म्हणत नसेल, तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. ती अनुभवाने आलेली सावधगिरी आहे.

तरीही कित्येक घरांनी मुलांना पुढे ढकलले. कॅथरीन जॉन्सन यांचे उदाहरण घ्या. नासाच्या या गणितज्ञेचा जन्म १९१८ चा, पश्चिम व्हर्जिनियातल्या व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज गावचा. तिथे कृष्णवर्णीय मुलांना आठवीपुढे शाळाच नव्हती. त्यांचे वडील जोशुआ कोलमन शेती, लाकूडकाम, हॉटेलातले काम असे मिळेल ते करीत. त्यांनी १२० मैलांवरच्या इन्स्टिट्यूट या गावी मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवले. कॅथरीन चौदाव्या वर्षी शाळेतून आणि अठराव्या वर्षी, १९३७ साली, महाविद्यालयातून बाहेर पडल्या. तिथे प्राध्यापक क्लेटर यांनी त्यांच्यासाठी विश्लेषक भूमितीचा खास अभ्यासक्रम आखला. १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेआधी यंत्राने केलेली गणिते त्यांनी हाताने पडताळून दिली, हे आता सर्वश्रुत आहे. त्या गणितांमागचे १२० मैल मात्र फारसे कोणी मोजत नाही.

दुसरे घर रॉन मॅकनेअर यांचे. १९५९ साली दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटी गावी नऊ वर्षांचा हा मुलगा ग्रंथालयात पुस्तके मागायला गेला. ते ग्रंथालय गोऱ्यांचे म्हणून नकार मिळाला. मुलगा हलेना. पोलीस आले, पाठोपाठ आई आली, आणि पुस्तके त्याला मिळाली. १९७६ मध्ये त्याने एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतली, पुढे तो अंतराळवीर झाला आणि १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत गेला.

ही उदाहरणे मन भारून टाकतात, पण त्यांत एक धोकाही आहे. बिऱ्हाड हलवणे ज्याला जमले नाही त्या बापाचे काय? अशा असामान्य आईबापांची वाट पाहत बसलो, तर आपण पुन्हा ‘एकटा कार्व्हर’ शोधू लागतो. सामान्य कुटुंबाला आधार देणारी व्यवस्था हवी. अशा दोन प्रयत्नांनी मला बरेच शिकवले.

पहिला बॉब मोझेस यांचा. साठच्या दशकात मिसिसिपीत जिवावर उदार होऊन कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करणारा हा कार्यकर्ता १९८२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला राहत होता. मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणित शिकवत नव्हते. ते शिकल्याशिवाय पुढच्या वरच्या गणिताची वाट जवळपास बंदच होती. मोझेस स्वतः वर्गात जाऊन शिकवू लागले आणि त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. मतपेटी हा जसा एका पिढीचा हक्क, तसे गणित हा पुढच्या पिढीचा, अशी त्यांची धारणा होती.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. मुलांना आधी भुयारी रेल्वेने फिरवून आणायचे. मग मुलांनी प्रवासाचे चित्र काढायचे, तो आपल्या रोजच्या बोलीत सांगायचा, हळूहळू नेमक्या भाषेत मांडायचा आणि शेवटी चिन्हांत लिहायचा. एक स्थानक शून्य मानले की एका दिशेची स्थानके धन, उलट दिशेची ऋण. ‘कुठे’ आणि ‘किती’ या दोन प्रश्नांतून ऋण संख्या समजते. बीजगणित अशा रीतीने मुलांच्या रोजच्या वाटेवरच भेटते.

याहून महत्त्वाचे म्हणजे पालकांना विचारले गेले: सातवीतल्या प्रत्येकाने बीजगणित शिकावे का, आणि तुमच्या मुलाने शिकावे का? काही पालकांना वाटले की काही मुले अजून तयार नसावीत. पण आपले मूल तयार नाही, असे एकाही पालकाने म्हटले नाही. आकांक्षेची वाण घरांत नव्हतीच. शनिवारी सकाळी पालकांसाठीही बीजगणिताचे वर्ग सुरू झाले.

दुसरा प्रयत्न फ्रीमन रबाउस्की यांचा. १९६३ च्या बर्मिंगहॅममधील मुलांच्या मोर्चात बाराव्या वर्षी तुरुंगात गेलेल्या या गणितज्ञाने मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत १९८८ साली मायरहॉफ शिष्यवृत्ती योजना सुरू केली. पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय तरुण होते. पुढे ती सर्वांना खुली झाली. प्रवेशाआधीचे उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास, लवकर मिळणारे प्रयोगशाळेतले काम आणि पालकांचा सहभाग ही तिची अंगे. रबाउस्कींनी सहकाऱ्यांसह या मुलांच्या पालकांशी बोलून १९९८ आणि २००२ मध्ये दोन पुस्तके लिहिली, एक मुलग्यांवर, एक मुलींवर. त्यांतले पालक बहुतेक वेळा गणित शिकवत नाहीत. ते वाचायला बसवतात, शिक्षकांना भेटतात, ‘तू कमी पडणार नाहीस’ हे पुन्हा पुन्हा सांगतात.

२०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. विद्यापीठाच्या दारातला एक आधार त्यामुळे गेला आणि घराच्या उंबरठ्यापर्यंत जाण्याचे काम अधिकच निकडीचे झाले. मात्र सारा भार घरावर टाकणे म्हणजे बंद शाळेचा दोष पालकांना देणे. कोलमन कुटुंबाला १२० मैल जावे लागले ही त्यांची थोरवी आहे, पण राज्याची लाजही आहे.

मायरहॉफ योजनेतूनच किझमेकिया कॉर्बेट २००८ साली पदवीधर झाल्या. मॉडर्नाच्या कोरोना लशीमागील संशोधनात अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या वतीने त्यांचा मोठा वाटा होता. लस आली तेव्हा टस्कीगीची जुनी आठवण पुन्हा जागी झाली आणि अनेक कृष्णवर्णीय घरे कचरली. कॉर्बेट त्या लोकांशी बोलत राहिल्या, शंका ऐकत राहिल्या, लस कशी काम करते ते समजावत राहिल्या. हे वाचताना मला ती १९०६ ची गाडी आठवली. तिच्यातले सामान बदलले आहे. अंगणात थांबून बोलण्याची गरज तेवढीच आहे.