निखळलेला खांदा लपवू नका

‘खांद्याला खांदा लावून काम करा,’ असं भाषणांत आपल्याला नेहमी सांगतात. पण त्या खांद्याची चौकशी कोण करतं? वरच्या फळीवरचा डबा काढताना, ओल्या चादरी पिळताना तो बिचारा मुकाट राबत असतो. निखळला की मग सगळं घर गोळा होतं.

माझी १९ वर्षांची भाची कबड्डी खेळते. २०२३ च्या डिसेंबरात चढाईहून परतताना हात ओढला गेला आणि उजवा खांदा निखळला. तालुक्याला डॉक्टरांनी बसवून दिला, हात झोळीत बांधला. पण पुढच्या सहा महिन्यांत तो आणखी दोनदा निखळला. तिसऱ्यांदा तर चक्क केस विंचरताना! पोरगी हात वर करायलाच घाबरू लागली. ताई म्हणाली, ‘‘खेळ सोड, होईल बरं.’’ शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘लग्नाच्या मुलीला ऑपरेशन? बाहेर कळू देऊ नका गं.’’ शेवटी मीच तिला जिल्ह्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेलं. तिथे जे समजलं, ते तुम्हाला सांगते.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत हाच सर्वात जास्त निखळतो. बशीच्या काठाला चिवट किनार असते, तिला लॅब्रम म्हणतात. खांदा पुढच्या बाजूला निखळताना ही किनार बहुधा हाडापासून सुटते. ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्येच हे सांगितलं होतं. सुटलेली किनार नुसत्या विश्रांतीने जागेवर चिकटेलच असं नाही. त्यातून वय कमी आणि खेळ झटापटीचा असेल, तर खांदा पुन्हा निखळण्याची भीती फार.

भाचीचा एमआरआय काढला. दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून ऑपरेशन झालं. हाडात बारीक खुंट्या बसवून, त्यांच्या दोऱ्यांनी किनार पुन्हा जागेवर शिवली. बशीचं हाडच जास्त झिजलेलं असेल, तर जवळच्या हाडाचा तुकडा तिथे स्क्रूने बसवतात. ही लातार्जे शस्त्रक्रिया, १९५४ पासूनची. कोणाला कुठली लागेल, ते डॉक्टरच तपासून ठरवतात. आणि ‘आता कधीच निखळणार नाही’ अशी हमी कुठल्याच ऑपरेशनला नसते.

खरी परीक्षा पुढेच! साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, मग कित्येक महिने फिजिओथेरपी. मैदानाचं नाव सहा महिने तरी काढायचं नाही. डॉक्टरांनी ताईला सरळ विचारलं, ‘‘घरात हिच्या वाटचं काम कोण करणार?’’ ताई गप्प. पण धाकट्या भावाने भांडी घासली, बहिणीची वेणी घालायलाही शिकला. व्यायाम मात्र तिचा तिलाच करावा लागला, रडत-कुढत का होईना.

मैत्रिणींनो, खांदा निखळला तर हाडवैद्याकडून किंवा घरच्या कोणाकडून ओढून घेऊ नका. हाड मोडलेलं असू शकतं, नस दुखावू शकते. आधी एक्स-रे काढा. चाळिशीनंतर निखळला आणि बसवल्यावरही हात उचलत नसेल, तर आतले स्नायूबंध फाटले असण्याची शक्यता असते, लगेच दाखवा. न निखळता हळूहळू आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोजन शोल्डर, हे दुखणं वेगळं. मधुमेह असलेल्यांना ते जास्त होतं आणि बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही.

काकूंच्या त्या ‘कळू देऊ नका’ला भाचीनेच उत्तर दिलं : ‘‘अहो काकू, ज्यांना तीन बारीक व्रण चालत नाहीत, त्यांच्या घरच्या घागरी मी कशाला उचलू?’’