पाडसाची बाजू, पिकाची बाजू

१९७४ साली पीटर बेंचली या अमेरिकी लेखकाची ‘जॉज’ ही कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्गने तिच्यावर चित्रपट काढला. किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात एक शार्क एकामागून एक माणसं मारते, एवढंच कथानक. पण समुद्रात पाय घालताना लोकांच्या मनात तेव्हा जी धास्ती बसली, ती अजून पुरती गेलेली नाही. खरी शार्क डूख धरत नाही, ठरवून माणसाच्या मागे लागत नाही. हे बेंचलीला पुढे समजलं आणि २००६ साली मृत्यू येईपर्यंत त्याने शार्कच्या रक्षणासाठी लिहिण्या-बोलण्याचं काम केलं. आज ती कादंबरी लिहायला आपला हात धजणार नाही, असं तो जाहीरपणे सांगत असे. कथा-कादंबऱ्यांची आवड आणि वन्यजीवांची कळकळ या दोन्ही गोष्टी ज्याच्या ठायी आहेत, त्याने हे उदाहरण आधी विचारात घ्यावं. वाचनाने माणूस हळवा होतो, हळवा माणूस प्राण्यांना जपतो, म्हणून पुस्तकं वाचली की रानं वाचतील, असा हिशेब आपण सहज मांडतो. तो जुळत नाही. गोष्टीत बळ आहे हे खरं, पण ते बळ प्राण्याच्या बाजूने लागेल की विरुद्ध, हे गोष्ट कशी सांगितली आहे त्यावर ठरतं.

अर्थात सगळं खापर कादंबरीवर फोडणंही अन्यायाचं होईल. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकट माशांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचं ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतल्या २०२१ च्या अभ्यासाने दाखवलं. या घसरणीचं मुख्य कारण बेसुमार मासेमारी हे आहे. गोष्ट स्वतः जाळं टाकत नाही. मात्र ज्याची ओळखच खलनायक म्हणून झाली आहे, त्याच्यासाठी नियम मागायला फार कमी लोक पुढे येतात. हे आपल्या जवळच्या रानातही घडलं आहे. किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधलं रान सिवनीच्या टेकड्यांमधलं, आज मध्य प्रदेश आणि नागपूर जिल्ह्यात पसरलेला पेंच व्याघ्र प्रकल्प त्याच मुलखात आहे. मोगलीला वाढवणारे लांडगे तिथे नियम पाळणारे, इमानी. रानकुत्री मात्र दक्षिणेकडून येणारी रक्तपिपासू झुंड. रानकुत्र्यांचा द्वेष किपलिंगने निर्माण केला नाही, तो शिकारी साहेबांमध्ये आधीपासून होता आणि त्यांना मारणाऱ्याला सरकारी इनामही मिळत असे. किपलिंगने त्या द्वेषाला चिरेबंद कथारूप दिलं, इतकंच. आज हाच प्राणी जगात धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोडतो.

राक्षस केल्याने नुकसान होतं, तसं खेळणं केल्यानेही होतं. फेलिक्स साल्टन या ऑस्ट्रियन लेखकाची ‘बांबी’ ही कादंबरी १९२३ सालची. साल्टन स्वतः शिकारी होता, आणि त्याच्या कादंबरीतलं रान भुकेचं, थंडीचं, मरणाचंही आहे. डिस्नेने १९४२ मध्ये तिचा चित्रपट केला तेव्हा हे रान बरंच गोड झालं आणि मोठ्या डोळ्यांचं ते हरीण घरोघरी पोचलं. पण अमेरिकेच्या मोठ्या भागातून लांडगे आणि प्यूमा माणसाने आधीच संपवले होते. खाणारा कोणी नाही म्हटल्यावर हरणं अतोनात वाढली, कोवळी रोपं खाऊन त्यांनी ठिकठिकाणी जंगलाची पुढची पिढीच खुंटवली. त्यांची संख्या आवरण्याचा विषय निघाला की पहिला विरोध होतो तो प्रेमापोटी. एका हरणावर जीव लावलेल्या माणसाला न उगवलेली झाडं आणि त्या झाडांवर घरटी न बांधलेले पक्षी दिसत नाहीत.

मग वन्यजीवांच्या दृष्टीने कादंबरीचा उपयोग तरी काय? मराठी वाचकाला याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’ला १९३९ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि राम पटवर्धनांनी तिचा ‘पाडस’ हा अनुवाद केला, जो मराठी घरांमध्ये मूळ मराठी पुस्तकासारखाच नांदला. फ्लोरिडाच्या झुडपी रानात बॅक्स्टर कुटुंब एकाकी शेती करून राहतं. बापाला विषारी साप चावतो. विष शोषून घ्यायला म्हणून तो एक हरिणी मारून तिचं यकृत जखमेवर लावतो, आणि त्यामुळे पोरकं झालेलं पाडस ज्योडी हा मुलगा घरी आणतो. म्हणजे या मैत्रीच्या मुळाशीच एक देणं आहे. पाडस वाढतं तसं शेतात शिरतं आणि मक्याचे कोवळे कोंब फस्त करतं. पुन्हा पेरणी होते, मुलगा जिवाच्या आकांताने कुंपण उंच करतो, तरी पाडस आत येतंच. मका गेला तर हिवाळ्यात घर उपाशी. अखेर पाडसाला मारावं लागतं, आणि शेवटची गोळी ज्योडीलाच घालावी लागते. ही कादंबरी पाडसाला गुन्हेगार ठरवत नाही आणि आईबापांना निर्दयही ठरवत नाही. पाडसाची बाजू खरी आहे, पिकाचीही खरी आहे, आणि वाचकाला कोणतीच सोडून देता येत नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. कादंबरी प्राण्यांवर प्रेम करायला शिकवते हा तिचा दुय्यम गुण. एकमेकींना छेद देणाऱ्या दोन खऱ्या बाजू एकाच वेळी मनात धरायला ती शिकवते, हा मुख्य. वन्यजीव संरक्षणाला आज नेमकी हीच सवय हवी आहे. विदर्भात रानडुकरं आणि रोही पीक तुडवतात, शेतकरी रात्र रात्र जागल करतो, सकाळी नुकसानीच्या पंचनाम्यासाठी खेटे घालतो. जुन्नरच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं वाढवते आणि त्याच बांधावरून मुलं शाळेत जातात. अशा वेळी शहरातला प्राणिप्रेमी म्हणतो, माणसांनीच त्यांच्या घरात घुसखोरी केली. गावकरी म्हणतो, तुमचे वाघ-बिबटे तुम्ही घेऊन जा. दोन्ही वाक्यं अर्धवट गोष्टीतून आलेली आहेत. ‘घेऊन जा’ हा उपाय करूनही पाहिला गेला. जुन्नर परिसरात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, त्या काळात माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळलं. बिबट्या हा उचलून दुसऱ्या खणात ठेवण्याचा नग नसतो. त्याला स्वतःचा मुलूख असतो, ओळखीच्या वाटा असतात. त्याचं हे आयुष्य लक्षात न घेतल्याचा फटका शेवटी माणसालाच बसतो.

प्राण्याचं आयुष्य त्याच्या अटींवर पाहणं हे कथालेखकाला फार अवघड जातं, कारण प्राण्याच्या तोंडी माणसाची नीती घालण्याचा मोह मोठा. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये तो मोह आवरला. वानरांच्या टोळीचा मुख्य नर हुसकावला जातो आणि नवा नर टोळी ताब्यात घेतो. त्या उलथापालथीत पिल्लं मारली जातात. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही लहानशी कादंबरी कोणाला खलनायक म्हणत नाही, वाचकाला उपदेशही करत नाही. तिच्यातलं वागणं कल्पनेतून आलेलं नाही. धारवाडजवळच्या वानरांमध्ये सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६० च्या दशकात अशी बालहत्या नोंदवली होती, तर अबूच्या वानरांवर सारा हर्डी यांनी पुढे ग्रंथच लिहिला. वर्तनशास्त्राने जे नोंदवलं तेच कादंबरीने अनुभवाला आणून दिलं. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींचं ललित लेखनही रानातल्या निरीक्षणावर उभं आहे. मराठीत ही परंपरा आहे, आणि गोष्ट रंगवायची तर खोटं बोलावंच लागतं या समजुतीला ती परस्पर उत्तर देते.

यावर पहिला आक्षेप येतो तो विज्ञानाच्या बाजूने. गणना, नकाशे, रेडिओ कॉलर ही साधनं असताना कल्पित गोष्टींची गरजच काय? गरज अशी, की आकडा निर्णयाला आधार देतो, पण निर्णय घ्यावासा वाटायला लावत नाही. पोलंडमधल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कादंबरीतला प्राण्याच्या छळाचा उतारा वाचलेल्यांची प्राण्यांच्या हिताबद्दलची आस्था, असा उतारा न वाचलेल्यांपेक्षा जास्त आढळली. याचा अर्थ वाचणारे लगेच वागणूक बदलतात असा नाही. मत आणि कृती यांच्यात बरंच अंतर असतं. पण मत हलतं, हेही कमी नव्हे. शिवाय विज्ञानालाही अधूनमधून गोष्टीचा आधार लागतो. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या बिबट्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. तो महामार्ग आणि खाडी पार करून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला पोचला. ‘आजोबा’ हे नाव मिळालेल्या या बिबट्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट निघाला. बिबट्या वस्तीजवळून कोणाला न दुखावता जाऊ शकतो, ही माहिती अहवालात राहिली असती तर ती किती जणांनी वाचली असती?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कादंबऱ्या वाचतो शहरी मध्यमवर्ग. रान राखतात ते कायदा, वनरक्षक आणि रानालगतची माणसं. हे बरोबर आहे, आणि गुजरातच्या देवमुशीची, म्हणजे व्हेल शार्कची, हकिकत त्याला पुष्टीच देते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर या प्रचंड, निरुपद्रवी माशाची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. पण कायदा कागदावरून होडीपर्यंत जायला गोष्ट लागली. २००४ पासूनच्या मोहिमेत रामकथाकार मोरारी बापूंनी मच्छिमारांना सांगितलं, की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणारी लेक. ती भाषा किनाऱ्याला कळली. जाळ्यात अडकलेले मासे मच्छिमार स्वतःचं जाळं कापून सोडू लागले, आणि असे शेकडो मासे सुटले. इथे गोष्ट शहरी वाचकाची नव्हती, कथेला बसणाऱ्या समाजाची होती. शिवाय ती एकटी नव्हती: आधी कायदा होता, आणि कापलेल्या जाळ्याची भरपाईही पुढे मिळू लागली. भरपाईविना सांगितलेली माहेरवाशिणीची गोष्ट फार काळ टिकली नसती. गोष्टीविना दिलेली भरपाई नुसता व्यवहार ठरली असती.

तिसरा आक्षेप असा, की सगळ्यांच्याच बाजू समजून घेणारा वाचक शेवटी काहीच करत नाही. अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ ही २००४ ची कादंबरी या शंकेला सामोरी जाते. दंडकारण्यातल्या छावण्या सोडून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर वसलेल्या निर्वासितांना १९७९ मध्ये बंगाल सरकारने बळाने हटवलं; तिथलं जंगल राखीव असल्याचं कारण पुढे केलं. वाघासाठी आमची किंमत शून्य का, हा त्या माणसांचा प्रश्न कादंबरीभर घुमतो. त्याच कादंबरीत गावकरी अडकलेला वाघ जाळतात आणि डॉल्फिनची अभ्यासक पिया त्यांना अडवायला धावते. पण पिया काम सोडून कायमची निघून जात नाही. ती परतते, आणि स्थानिक मच्छिमारांना सोबत घेऊन संशोधन मांडायचं ठरवते. ज्योडीलाही निर्णय टळत नाही. दोन्ही बाजू दिसल्या म्हणजे हात बांधले जात नाहीत. आपल्या निर्णयाचं मोल कोणाला चुकवावं लागणार आहे ते फक्त नजरेआड करता येत नाही. भरपाई वेळेवर मिळावी, गोठे बंदिस्त व्हावेत, पुनर्वसन माणसाला विचारून व्हावं, या मागण्या प्राणिप्रेमी मंडळींच्या यादीत शेवटी नव्हे, सुरुवातीला याव्यात, यासाठी असंच वाचन कामी येतं.

म्हणून वाचकाने प्राण्यांच्या गोष्टीला दोन प्रश्न विचारावेत. यातला प्राणी त्याच्या जातीप्रमाणे जगतो का, की माणसाचा राग आणि लाड तेवढे वाहतो? आणि त्या प्राण्याशेजारी राहणाऱ्या माणसाला या गोष्टीत नाव आहे का? लेखकांकडेही एक मागणं आहे. वाघ, बिबट्या, हत्ती यांना गोष्टी मिळाल्या आहेत. सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य असूनही माळढोक तिथून जवळपास दिसेनासा झाला, आणि ज्या गवताळ माळावर तो जगत होता त्याला आपण अजून पडीक जमीन समजतो. माळढोक, माळ आणि त्या माळावर मेंढरं चारणारा धनगर या तिघांनाही न्याय देणारी कादंबरी कायद्याची जागा घेणार नाही. पण पडीक समजलेल्या जमिनीवर कोण कोण जगतं हे हजारो वाचकांना त्यातून कळलं, तर तो माळ कोणत्या कामासाठी द्यायचा हे ठरवताना प्रश्न विचारणारे लोक तरी असतील.