चौदाव्या जागेचे किस्से

विद्यापीठांत आदिवासी प्राध्यापक इतके कमी का, असं विचारलं की एकच उत्तर मिळतं: “पात्र उमेदवार येतच नाहीत.” मी महादेव कोळी जमातीचा, मूळ अकोले तालुक्यातला. बेंगळुरूत शिकवतो आणि निवड समित्यांवर अनुसूचित जमातींचा प्रतिनिधी म्हणून बसतो. मुलाखतीच्या कितीतरी आधी आस्थापना विभागातल्या एका नोंदवहीत पुष्कळ काही ठरून गेलेलं असतं, हे मी पाहिलं आहे. ती नोंदवही म्हणजे बिंदुनामावली: कितव्या क्रमांकाचं पद, म्हणजे बिंदू, कोणत्या प्रवर्गाचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं.

केंद्राच्या नियमांत जमातींना साडेसात टक्के आरक्षण आहे. म्हणून त्यांचा पहिला बिंदू येतो 14 व्या क्रमांकावर. सगळी संस्था एकत्र मोजली तर 200 पदांत 15 पदं मिळतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) प्रत्येक विभाग वेगळा मोजायला सांगितलं. तेव्हा एका जुन्या लिपिकाने मला सहा पदांच्या विभागाचं पान उघडून दाखवलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, “सर, इथं चौदावा क्रमांक तुमच्या नातवंडांच्या वेळी येईल.” देशभर आंदोलनं झाली, मार्च 2019 मध्ये अध्यादेश निघाला, त्याच वर्षी कायदा झाला आणि संस्था हेच पुन्हा एकक ठरलं. मात्र कायद्याच्या परिशिष्टात काही संस्थांना सूट आहे. बेंगळुरूचं जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र त्यांपैकी एक.

राज्याच्या विद्यापीठांचा हिशेब निराळा. कर्नाटकात जमातींना वर्षानुवर्षं तीनच टक्के होते. न्यायमूर्ती नागमोहन दास आयोगाने सात टक्क्यांची शिफारस 2020 मध्येच केली होती. तरीही वाल्मीकी समाजाच्या पीठाचे प्रसन्नानंद स्वामी 2022 मध्ये बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कात दोनशेहून अधिक दिवस धरणं धरून बसले, तेव्हा कुठे सरकारने सात टक्के मान्य केले.

नंदुरबारचा एक भिल्ल तरुण नेटची परीक्षा उत्तीर्ण होऊन, जात वैधता प्रमाणपत्रासह इथल्या एका राज्य विद्यापीठात अर्ज घेऊन आला. त्याचा अर्ज ‘जनरल मेरिट’च्या, म्हणजे खुल्या प्रवर्गाच्या, गठ्ठ्यात गेला. एका राज्यातली जमात दुसऱ्या राज्याच्या आरक्षणात धरली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येही पुन्हा स्पष्ट केलं आहे. केंद्रीय संस्थेत मात्र त्याची जमात आरक्षणात धरली जाते. हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं ओलांडून उमेदवार समितीसमोर येतो, तेव्हा शेरा पडतो: “कोणीही योग्य आढळले नाही.” जागा अनुशेषात जाते. एका बैठकीत मी एवढंच म्हटलं, की योग्य नाही तर का नाही, ते प्रत्येकाच्या नावापुढे कारणासह लिहा. खोलीतली चर्चा बदलली. लोक शोधनिबंध पुन्हा वाचू लागले आणि त्या दिवशी एका उमेदवाराची निवड झाली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यापीठाने आपली बिंदुनामावली आणि अनुशेष दरवर्षी संकेतस्थळावर टाकावा आणि नकाराची कारणं उमेदवाराला लेखी कळवावीत. पात्र मुलं आहेत. कोणती जागा त्यांची आहे, हे त्यांना वेळेवर दिसलं पाहिजे.