दरवर्षीची लस आणि भारताचे ऋतुचक्र

लस म्हणजे बालपणी टोचून घ्यावयाची आणि पुढे विसरून जावयाची बाब, अशी आपल्या समाजाची दीर्घकाळ धारणा होती. देवी आणि पोलिओविरुद्धच्या यशस्वी मोहिमांनी ती अधिकच दृढ केली. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या कोविड लसीकरणाने या धारणेला पहिला मोठा छेद दिला. को-विनवरील नोंदणी, लस टोचल्यानंतर निरीक्षण कक्षात काढलेला अर्धा तास, त्या रात्री आलेली कणकण, कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर चार-सहा आठवड्यांवरून वाढत वाढत मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवड्यांवर गेल्याने उडालेला गोंधळ, आणि जानेवारी २०२२ पासून आलेली खबरदारीची मात्रा हा देशातील बहुतेक कुटुंबांचा सामाईक अनुभव आहे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने शंभर कोटी मात्रांचा आणि १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला.

या अनुभवानंतर एक जुना प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला. पाश्चात्त्य देशांत दरवर्षी घेतली जाणारी इन्फ्लुएंझाची, म्हणजे फ्लूची लस आपणही घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणत्या महिन्यात? प्रश्नाचा पूर्वार्ध वैद्यकशास्त्राचा आहे. उत्तरार्ध मात्र बराचसा भूगोलाचा आहे आणि त्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे.

विषाणूचे बदलते रूप

इन्फ्लुएंझा विषाणूच्या ए आणि बी या दोन प्रकारांमुळे दरवर्षी साथी येतात. या विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनए असून ते आठ तुकड्यांत विभागलेले असते. त्याच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन आणि न्युरामिनिडेज ही दोन प्रथिने असतात. एच१एन१, एच३एन२ या नावांतील एच आणि एन ही अक्षरे त्यांचीच निदर्शक होत. आरएनएची नक्कल होताना लहानसहान चुका होत राहतात, त्यामुळे ही प्रथिने हळूहळू बदलतात आणि गतवर्षी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे यंदाच्या विषाणूला नीट ओळखू शकत नाहीत. या संथ बदलास अँटिजेनिक ड्रिफ्ट म्हणतात. दोन भिन्न विषाणूंनी एकाच पेशीत शिरून जनुकीय तुकड्यांची अदलाबदल केल्यास मात्र एकदम नवा विषाणू जन्मास येतो. तो अँटिजेनिक शिफ्ट होय आणि जागतिक साथींच्या मुळाशी बहुधा तोच असतो.

अशा साथीचे परिणाम किती दूरगामी असतात, हे आपल्या जनगणनेतच नोंदलेले आहे. १९११ ते १९२१ हे भारताची लोकसंख्या घटल्याचे नोंदले गेलेले विसाव्या शतकातील एकमेव दशक आणि त्याचे प्रमुख कारण १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. २००९ मध्ये एच१एन१ चा नवा विषाणू आला तेव्हा देशातील पहिला मृत्यू त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात नोंदला गेला. तो विषाणू पुढे हंगामी होऊन आपल्यातच राहिला. २०१५ मध्ये त्याचे ४२ हजारांहून अधिक रुग्ण देशभरात आढळले आणि सुमारे तीन हजार व्यक्ती दगावल्या. ‘साधा फ्लू’ हा शब्दप्रयोग त्यामुळे फारसा खरा नाही.

विषाणू बदलतो म्हणून लसही बदलावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचे इन्फ्लुएंझा निरीक्षण जाळे १९५२ पासून कार्यरत आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था त्यात सहभागी आहे आणि योगायोग असा की तिची स्थापनाही १९५२ चीच. या जाळ्याने जमविलेल्या नमुन्यांच्या आधारे संघटना वर्षातून दोनदा लसीचे घटक सुचविते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या आगामी हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. बहुतांश लस आजही कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार केली जात असल्याने शिफारस आणि पुरवठा यांत सुमारे सहा महिने जातात. तेवढ्यात विषाणूने रूप पालटले तर लस आणि रोग यांची गाठ नीट पडत नाही. घटकांची संख्याही स्थिर नसते. बी प्रकारातील यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर निश्चितपणे आढळलेला नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ पासून जागतिक संघटनेने तो घटक अनावश्यक ठरविला आणि चार घटकांच्या लसींऐवजी पुन्हा तीन घटकांच्या लसी येऊ लागल्या.

लस घेणाऱ्यांचे अनुभव

दंड दुखणे, अंग मोडून येणे, एखादा दिवस बारीक ताप या फ्लूच्या लसीनंतरच्या नेहमीच्या तक्रारी होत. रोगप्रतिकारयंत्रणा जागी झाल्याची ती खूण असते. त्या बहुधा दोन दिवसांत ओसरतात. ‘लस घेतली आणि त्या लसीनेच फ्लू झाला’ हे विधान मात्र तपासून घ्यावयास हवे. इंजेक्शनद्वारे दिल्या जाणाऱ्या प्रचलित लसींत निष्क्रिय विषाणू अथवा केवळ त्याची प्रथिने असतात. त्यांच्यापासून रोग होऊ शकत नाही. प्रत्यक्षात संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि त्या अवधीत संसर्ग झाला तर दोष लसीवर जातो. शिवाय सर्दी-खोकला घडविणारे इतर अनेक विषाणू आहेत आणि त्यांच्यावर या लसीचा काहीही परिणाम होत नाही. घटक चांगले जुळलेल्या वर्षीही लस आजाराचा धोका साधारणपणे ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हा आकडा अनेकांना निराशाजनक वाटतो. तथापि न्यूमोनिया, रुग्णालयात दाखल होणे आणि मृत्यू यांची शक्यता घटते, हा तिचा खरा लाभ आहे. वृद्धांच्या बाबतीत तो निर्णायक ठरू शकतो.

कोविशिल्ड घेतलेल्यांपैकी अनेकांना पहिल्या मात्रेनंतर ताप आला आणि दुसरी मात्रा सुसह्य गेली. या लसीत चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या अॅडिनोविषाणूचा वाहक म्हणून वापर केला होता. कोवॅक्सिन ही निष्क्रिय विषाणूची लस असल्याने तिचा अनुभव सामान्यतः सौम्य होता. वाहक विषाणूवर आधारित लसींनंतर रक्ताच्या गुठळ्यांचे गंभीर प्रकार घडले, परंतु ते अतिविरळ होते. दोन्ही लसी एकाच भेटीत घेता येतात काय, असेही विचारले जाते. निष्क्रिय फ्लू लस आणि कोविड लस एकाच वेळी देण्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०२१ मध्ये मान्यता दिली. ब्रिटन-अमेरिकेत तेव्हापासून शरद ऋतूत अनेकांनी दोन दंडांवर दोन लसी एकाच दिवशी घेतल्या आहेत.

उत्तर गोलार्धातील देश, दक्षिण गोलार्धातील वेळापत्रक

भारत संपूर्णपणे विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे. तेव्हा उत्तर गोलार्धासाठी तयार झालेली लस ऑक्टोबरमध्ये घ्यावी, असा सरळ निष्कर्ष कोणीही काढील. तो देशाच्या बहुतांश भागापुरता चुकीचा आहे. भारतीय संशोधकांनी अनेक शहरांतील रुग्णांचे नमुने तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की दिल्ली, लखनौ, कोलकाता, नागपूर, पुणे येथे इन्फ्लुएंझाचा कळस जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत येतो. चेन्नई आणि वेल्लोर येथे तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ईशान्य मोसमी पावसाबरोबर येतो. श्रीनगरमध्ये मात्र युरोपप्रमाणे जानेवारी ते मार्च या कडाक्याच्या थंडीत. म्हणजे रोगाचे वेळापत्रक कर्कवृत्तापेक्षा मोसमी वाऱ्यांना अधिक अनुसरते.

यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष काहीसा चमत्कारिक वाटेल. पुणेकराने किंवा लखनौकराने पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये लस घ्यावयास हवी. त्या सुमारास नवी आलेली लस असते ती दक्षिण गोलार्धाच्या घटकांची. श्रीनगरच्या रहिवाशाने हिवाळ्यापूर्वी उत्तर गोलार्धाची लस घ्यावी. ऑक्टोबरमध्ये लस घेणारा पुणेकर साथ ओसरल्यावर दार लावून घेतो आणि काही महिन्यांनी प्रतिकारशक्ती क्षीण होऊ लागते तेव्हा पुढचा पावसाळा तोंडावर असतो. अर्थात अपवाद आहेत. उत्तर भारतात हिवाळ्यातही रुग्ण वाढतात आणि २०२३ च्या आरंभी एच३एन२ ने देशाच्या अनेक भागांत डोके वर काढले होते. लसीच्या वेष्टनावर गोलार्ध आणि वर्ष छापलेले असते. ते वाचून घेण्याची सवय ग्राहकाला नाही आणि विक्रेत्यालाही क्वचितच असते.

कोविडला असा ऋतू अद्याप गवसलेला नाही. भारतातील लाटा सप्टेंबर २०२०, एप्रिल-मे २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा निरनिराळ्या ऋतूंत शिखरावर पोहोचल्या, तर २०२५ मध्ये मे-जूनमध्ये रुग्णसंख्या काहीशी वाढली. त्यामुळे फ्लूबरोबर कोविडची वार्षिक मात्रा देण्याची पाश्चात्त्य पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी उचलणे शास्त्रीय ठरणार नाही.

खर्च कोणी करावा?

१९८५ मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम प्रामुख्याने बालके आणि गर्भवती यांच्यासाठी आहे. इन्फ्लुएंझाची लस त्यात नाही. आरोग्य कर्मचारी, गर्भवती, वृद्ध आणि मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्या व्यक्ती यांना ती विशेष उपयुक्त आहे, हे आरोग्य यंत्रणेस मान्य आहे. महाराष्ट्राने २०१५ पासून गर्भवती आणि जोखमीच्या गटांना ती विनामूल्य देण्याचा उपक्रमही राबविला. परंतु देशाच्या बहुतेक भागांत ती खाजगी दवाखान्यात स्वखर्चाने घ्यावी लागते, आणि ज्या वृद्ध शेतमजुराला तिची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

येथे प्रस्तुत लेखकाचे मत असे की अडचण यंत्रणेची राहिलेली नाही. दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानाची शीतसाखळी, प्रशिक्षित लसटोचक, नोंदणीची संगणकीय व्यवस्था हे सारे २०२१ मध्ये प्रौढांसाठी कसोटीस उतरले आहे, आणि लसउत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे. प्रश्न आहे तो मागणीचा आणि नियमित खरेदीच्या हमीचा. अंड्यांत वाढविलेली लस उत्पादकाला महिनोन्महिने आधी ठरवून तयार करावी लागते. न खपलेला साठा पुढील वर्षी नव्या घटकांमुळे निरुपयोगी ठरतो. साठ वर्षांवरील नागरिकांपासून आरंभ करून एप्रिल-मे महिन्यांसाठी खरेदीचा आदेश आदल्या वर्षीच दिला, तर ही जोखीम उत्पादकावर उरणार नाही. काश्मीर आणि तामिळनाडू यांसाठी तारखा अर्थातच वेगळ्या ठेवाव्या लागतील.