राजधानीची मान्यता आणि एका विशेषणाचा प्रश्न

एखाद्या राष्ट्राने आपली राजधानी ठरविणे आणि इतर राष्ट्रांनी ती मान्य करणे या दोन क्रिया सामान्यतः इतक्या एकरूप झालेल्या असतात की, त्यांचे वेगळेपण ध्यानातही येत नाही. पॅरिस ही फ्रान्सची राजधानी होय, असे निवेदन कोणत्याही सरकारला काढावे लागत नाही. जेरुसलेमच्या बाबतीत मात्र या दोन क्रिया आरंभापासूनच विभक्त राहिल्या.

२९ नोव्हेंबर १९४७ च्या ठरावान्वये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने हे नगर आंतरराष्ट्रीय व्यवस्थेखाली स्वतंत्र ठेवण्याचे योजिले होते. १९४८ च्या युद्धात ती योजना कागदावरच राहिली. पश्चिम भाग इस्रायलकडे व पूर्व भाग जॉर्डनकडे गेला. जानेवारी १९५० मध्ये इस्रायली संसदेने जेरुसलेम हीच राजधानी असल्याचे घोषित केले. त्याच वर्षी ब्रिटनने इस्रायलला विधिवत मान्यता दिली, परंतु जेरुसलेमवरील सार्वभौमत्व त्या मान्यतेतून वगळले. राज्य मान्य, राजधानी अमान्य, अशी ही स्थिती होती. भारतानेही सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली. तथापि १९५३ पासून मुंबईत इस्रायलची वाणिज्य वकिलात असूनही पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्येच प्रस्थापित झाले आणि भारतीय दूतावास उघडला तो तेल अवीव येथे. सारांश, राज्यास मान्यता, दूतावास व राजधानीस मान्यता या तीन निरनिराळ्या गोष्टी होत.

१९६७ च्या युद्धानंतर पूर्व भागही इस्रायलच्या ताब्यात आला आणि वादाचा भार एका विशेषणावर येऊन पडला. १९८० च्या इस्रायली कायद्याने 'संपूर्ण व एकसंध' जेरुसलेम राजधानी ठरविले. सुरक्षा समितीने ठराव क्रमांक ४७८ द्वारे तो कायदा निरर्थक ठरवून तेथील दूतावास हलविण्याचे आवाहन केले. त्या ठरावात 'पवित्र नगर' असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे दिशावाचक विशेषण टाळलेले आहे. याउलट रशियाने एप्रिल २०१७ मध्ये 'पश्चिम' जेरुसलेम इस्रायलची व 'पूर्व' जेरुसलेम भावी पॅलेस्टाइनची राजधानी म्हणून उल्लेखिले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१८ मध्ये 'पश्चिम' या विशेषणासह मान्यता दिली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती मागे घेतली. (या नगराच्या हिब्रू नावाचा अंत्य प्रत्यय द्विवचनासारखा दिसतो, ही गोष्ट केवळ योगायोगाची, परंतु संस्कृत व्याकरण शिकलेल्यास ती लक्षात आल्यावाचून राहत नाही.)

६ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जी मान्यता दिली, तीत विशेषण नव्हते. नुसते 'जेरुसलेम' हे विशेषनाम होते. मात्र त्याच घोषणेत, त्या नगरातील इस्रायली सार्वभौमत्वाच्या निश्चित सीमांविषयी अमेरिका कोणतीही भूमिका घेत नाही, असेही म्हटले होते. म्हणजे नाम मान्य झाले, पण त्या नामाचा वाच्यार्थ कोठवर पोहोचतो हे अनिर्णीत राहिले. ही संदिग्धता हेतुपुरस्सर होती, असेच म्हणावे लागते.

तिचा व्यावहारिक परिणाम पारपत्रांत दिसतो. जेरुसलेम येथे जन्मलेल्या अमेरिकन नागरिकाच्या पारपत्रात जन्मस्थान म्हणून केवळ 'जेरुसलेम' लिहिले जाई. देशाचे नाव नसे. २००२ च्या कायद्याने 'इस्रायल' अशी नोंद मागण्याचा अधिकार दिला, परंतु मान्यतेचा अधिकार एकट्या अध्यक्षांचा आहे, या आधारावर सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये ती तरतूद रद्द केली. पारपत्रातील एक शब्द हे राष्ट्राचे विधान ठरते की नाही, हाही वादाचाच मुद्दा होता. दुसरा तंटा होता तो ते विधान कोणी करावयाचे यासंबंधी. नवल असे की, २०१७ च्या घोषणेनंतरही जवळजवळ तीन वर्षे ती नोंद तशीच राहिली. 'इस्रायल' असे लिहून घेण्याची मुभा ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाली, आणि तीही ऐच्छिक. दूतावास मात्र मे २०१८ मध्येच हलला होता. दगडविटांचे स्थलांतर शब्दाच्या स्थलांतराहून सोपे ठरले.

विशेषण गाळणे हीसुद्धा एक भाषिक कृतीच होय. 'पूर्व जेरुसलेम राजधानी असलेले पॅलेस्टाइन' हा भारतीय निवेदनांतील रूढ शब्दसमूह मे २०१७ मध्ये पॅलेस्टिनी अध्यक्षांच्या दिल्लीभेटीच्या वेळी पंतप्रधानांच्या निवेदनात आढळला नाही. त्याच वर्षी २१ डिसेंबरला अमेरिकेच्या निर्णयाविरुद्धचा ठराव आमसभेत १२८ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताचे मत त्या १२८ मध्ये होते.