धातूचा थकवा आणि यंत्राचे आयुष्य

२२ ऑगस्ट १९८५ रोजी सकाळी इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर एक बोईंग ७३७ विमान उड्डाणासाठी धावत असता मोठा आवाज झाला. टायर फुटला असावा, अशा समजुतीने वैमानिकांनी उड्डाण रद्द केले. प्रत्यक्षात डाव्या इंजिनातील एक ज्वलनकक्ष फुटून त्याचा तुकडा पंखाखालील इंधनटाकीच्या झाकणावर आदळला होता. त्यामुळे लागलेल्या आगीत ५५ जण प्राणास मुकले. या कक्षास पूर्वीच तडे गेले होते व ते वेल्डिंगने सांधण्यात आले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले.

निकेलप्रधान मिश्रधातूचा हा कक्ष प्रत्येक उड्डाणात तापून प्रसरण पावतो आणि इंजिन बंद होताच आकुंचन पावतो. एका खेपेस धातू सहज सोसेल असा ताण हजारो वेळा पडला म्हणजे एखाद्या छिद्राच्या काठाशी वा सांध्याजवळ केसाएवढी चीर उमटते आणि दर आवर्तनागणिक ती किंचित पुढे सरकते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. माणसाचा थकवा विश्रांतीने जातो, धातूचा जात नाही, एवढाच काय तो फरक.

या वाढीचा हिशेब अमेरिकन अभियंते पॉल पॅरिस यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडला. चिरेच्या टोकाशी एकवटणारा ताण दुप्पट झाला, तर वाढीचा वेग बहुतेक धातूंत सुमारे आठ ते सोळा पट होतो. चीर लांबत जाते तसा हा ताणही वाढतो. म्हणून आयुष्याचा बहुतेक काळ ती दिसेल न दिसेल अशीच राहते. अखेरचा टप्पा मात्र फार झपाट्याने उरकतो.

उच्च तपमानात केवळ आवर्तने मोजून भागत नाही. तप्त धातू स्थिर ताणाखालीही हळूहळू ताणला जातो. शिवाय प्राणवायू चिरेच्या टोकाशी शिरून धातूच्या स्फटिककणांमधील बंध दुबळे करतो. त्यामुळे तोच ताण काही मिनिटे कायम राहिल्यास चीर अधिक वाढू शकते. आवर्तनांबरोबर तासांचीही नोंद ठेवावी लागते ती यासाठीच.

तपासणीत दिसू शकेल एवढी चीर धोक्याच्या लांबीस पोचण्यास जेवढा काळ लागेल, त्याच्या निम्म्या काळाने तपासणी करण्याची पद्धत आहे. एकदा नजरेतून सुटलेली चीर दुसऱ्या खेपेस सापडावी, हा तिचा हेतू. दुरुस्त केलेल्या भागास मात्र मूळचा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. जोडाजवळील धातूची घडण बदललेली असते व त्याचे आयुष्य नव्याने ठरवावे लागते.